काचेच्या टाकीतली आवणी

पनवेलच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली, तेव्हा आई माझ्याकडे बघतच नव्हती. टपावर चढवलेल्या ट्रंकेकडे बघत होती. माझं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. आमचे हे मुंबईच्या मत्स्यालयात पंपांवर फिटर होते आणि बिऱ्हाड थाटायला मला घेऊन निघाले होते. बाबा आमच्या रोडपाली गावाहून चालत आलेले, मिठागराचा चिखल पोटऱ्यांवर तसाच वाळलेला. गाडी हलली तशी आई खिडकीशी आली. "खात जा. रडू नको. आनि नायच करमला तं परत ये."

गावात राहिलेले तुम्ही आणि माझ्यासारखे परळ-लालबागला पांगलेले तुम्ही, सगळेच मला हसून विचारता की मुंबईला जाऊन शेवाळ कापतेस म्हणजे नेमकं करतेस काय? तुमचं हसणं मला कळतं. आपल्या तळ्यात ते माजलं की बांबूने ओढून बांधावर फेकायचं, एवढाच त्याचा आणि आपला संबंध. इथे मात्र काचेच्या टाकीत दिवे लावून ते वाढवतात.

यांचा डबा घेऊन मी रोज दुपारी मत्स्यालयात जायची. गोड्या पाण्याच्या टाक्या सुमतीबाईंकडे होत्या. प्राणिशास्त्र शिकलेल्या, पांढरा कोट घालणाऱ्या, पण पदर खोचून कोपरापर्यंत हात पाण्यात घालणाऱ्या. त्यांना मदतीला कुणीतरी हवं होतं. "पाण्याची किळस नाही ना येत?" एवढंच त्यांनी विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून मी कामावर लागले.

लोक टाक्या पुढून बघतात, आम्ही मागून. मागे अरुंद बोळ असतो, फळीवर उभं राहून वरून वाकायचं. लांब चिमटा, वाकड्या पात्याची कात्री आणि तरंगणारे तुकडे गोळा करायला जाळी. सुरुवातीला माझ्याच्याने काही कापवेना. इतकं हिरवंगार, त्याला कात्री कशी लावायची? मी नुसती पिवळी पानं खुडत राहिले. मग झाडं पाण्याच्या वर येऊन आडवी पसरली, खाली अंधार झाला, बुडख्याची पानं काळी पडून गळायला लागली. सुमतीबाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझा हात धरून कात्री पेराच्या जरा वर टेकवली. "इथे." खालच्या बुंध्याला त्याच पेरातून दोन फुटवे येतात, आणि कापलेला शेंडा खालची पानं काढून रेतीत खोवला की मुळं धरतो. गवतासारख्या लांब पात्यांचं मात्र वेगळं. त्यांची टोकं छाटली की कडा तपकिरी होतात, म्हणून जुनं पातं मुळाशीच काढायचं. हळूहळू माझे हात सरावले. पाणी बदलायच्या मंगळवारी तर मला जेवणाची आठवण राहायची नाही.

मग यांना खोकला लागला. छातीचा आजार निघाला आणि यांना दवाखान्यात ठेवावं लागलं, किती दिवस ते डॉक्टरही सांगेनात. खोलीत मी एकटी. गावाला कळलं आणि एका सोमवारी संध्याकाळी बाबा दारात उभे राहिले.

"तुला न्यायाला आयलो हाय," ते बसायच्या आधीच म्हणाले. "एकटी बाईमानूस इथं कशी रवशील?"

"यांना रोज भेटायला कोण जाईल, बाबा?"

"त्याचा भाऊस हाय ना."

जायचं मनात नव्हतं असं नाही. आईच्या हातचा तांदळाचा भात, ओटीवरची झोप, सगळं डोळ्यांपुढे आलं. पण मी गेले तर यांना वाटेल की हिने आपली आशा सोडली. आणि खरं सांगायचं तर, माझ्या टाक्याही मला सोडवत नव्हत्या. मी एवढंच म्हणाले, "उद्या मंगळवार. मला कामावर जायचंय. तू चल माझ्याबरोबर, मग ठरवू."

सुमतीबाईंनी बाबांना मागच्या बोळात स्टूल दिलं. बराच वेळ ते डोकीवरचा फेटा मांडीवर घेऊन नुसते बघत होते. मी शेंडे कापून थाळीत ठेवत होते. रेतीत पहिली ओळ खोवली तसे ते उठले.

"ही तं आवनी हाय गो!"

"आवणीच. भाताऐवजी दुसरं."

बाबांनी बाही वर सारली आणि न विचारताच हात पाण्यात घातला. भाताचं रोप खोवावं तशी अंगठ्याने काडी खाली दाबली. ती सुटून तरंगली. पुन्हा खोवली, पुन्हा तरंगली. मासे त्यांच्या बोटांना येऊन टोचायला लागले, तसे बाबा मोठ्याने हसले. यांच्या आजारपणानंतर आमच्याकडे कुणी हसलेलं ते पहिलंच. मी चिमटा दिला. त्यांनी तिरपी-तिरपी का होईना, एक ओळ लावली.

दुपारी हात पुसत त्यांनी विचारलं, "पानी दर मंगलवारी बदलावा लागतं?"

"हो."

"मंग तो दिस सोडून येत जा आईला भेटायाला." पुढे म्हणाले, "जावयाला सांग, तांदूल धाडतो." आणि एकटेच परत गेले.

हे बरे व्हायला वर्ष उलटलं, पण बरे झाले. आता आम्हाला मत्स्यालयाजवळच खोली आहे, मुलगी शाळेत जाते, सुमतीबाईंच्या जागी नव्या बाई आल्यात आणि त्यांना कात्री कुठे लावायची ते मी दाखवते. नव्या बाई सुट्टीचा अर्ज बघून विचारतात, "घरी निघालात वाटतं?" मी हो म्हणते.

परवा रोडपालीला चार दिवस राहिले. निघायच्या आदल्या दिवशी आई सुकट बांधत होती. मान खालीच ठेवून तिने विचारलं, "घरा कवा जाशील?"

माहेरच्या घरात असतानाही तिने मला घरी कधी जाणार असं विचारलं होतं. वाईट वाटेल म्हणून वाट बघितली, पण वाटलं नाही.

"उद्या सकाळच्या गाडीने," मी म्हणाले, आणि तिला गाठ मारायला मदत केली.