मऊ

"माझा मासा म्हणजे लोणी!" ही मासेवाल्या काकांची नेहमीची फुशारकी. पाणी जिरू नये म्हणून तळ्यात अंथरलेलं प्लास्टिकही त्यांनी मुद्दाम मऊ आणि स्वस्तातलं घेतलं होतं. कडक प्लास्टिक दुमडलं की तडकतं ना!

मागच्या महिन्यात पाणी तपासणाऱ्या बाई येऊन सांगून गेल्या, "काका, प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन पाण्यात उतरलंय. माशांतही सापडलंय." काकांनी नंदीबैलासारखी मान डोलावली. त्या दिवसापासून घरी खायचा मासा मागच्या जुन्या, मातीच्या तळ्यातून जाऊ लागला. विक्री मात्र प्लास्टिकच्या तळ्यातूनच चालू राहिली.

आज धाकटी बहीण आली. "दादा, लेकीला सातवा लागलाय. मऊ बघून दे हं."

तो शब्द काकांच्या जिव्हारी लागला. टाकलेलं जाळं त्यांनी तसंच ओढून घेतलं आणि मागच्या तळ्याकडे निघाले.

बहीण पिशवी सावरत मागोमाग आली. "इकडे कुठे?"

"घरी इथलाच नेतो," ते पुटपुटले.

ती थबकली. "आणि दर रविवारी मला देतोस, तो?"

काका खाली मान घालून जाळं उलगडत राहिले. ते केव्हाच उलगडून झालं होतं.