धाकट्याची उभी अक्षरं

उन्हात शिडीवर उभं राहणं, ‘जरा मोठं करा ना’ म्हणणारी गिऱ्हाइकं, सगळं पाट्या रंगवणारा थोरला सोसायचा. सोसत नव्हती ती फक्त धाकट्या भावाची अक्षरं.

थोरल्याचं अक्षर गोल, भरदार, खाऊनपिऊन सुखी. धाकट्याचं उंच, चिंचोळं, वळायच्या जागी सरळ कोपरा मारून पुढे जाणारं. ‘उपाशी माणसांची रांग’ असं म्हणून थोरला चारचौघांत नाक मुरडायचा. पण चौकातून गाडी भरधाव गेली तरी धाकट्याची पाटी वाचली जायची, हे त्याला ठाऊक होतं आणि पोटात दुखायचं ते तिथेच. एकदा घरात कुणी नाही असं पाहून त्याने रद्दी कागदावर तसली अक्षरं काढून पाहिली. हाताला गोल फिरायची सवय. एकेक कोपरा वाकला. तो कागद त्याने बायकोच्याही नजरेला पडू दिला नाही.

धाकट्याने एका दवाखान्याच्या दारावर सूचनांची लांब यादी त्याच अक्षरात बारीक लिहिली तेव्हा ती कुणालाच वाचता येईना. थोरला आठवडाभर खुशीत होता.

मग त्याच्या लेकीने घड्याळदुरुस्तीचं दुकान काढलं. दोन इमारतींमधल्या फटीत, रुंदी जेमतेम दाराएवढी. पाटीचे रंग थोरल्याने मनात केव्हाच ठरवून टाकले होते. आणि बायकोने सांगितलं, पाटी काकाकडे दिलीय.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. “माझ्या हाताला काय झालंय?” त्याने लेकीला विचारलं.

“काही नाही, बाबा. जे लिहायचं होतं ते तुमच्या अक्षरात मावत नव्हतं.”

दोन दिवस तो घुश्शातच होता. तिसऱ्या दिवशी सकाळी बंद पडलेलं घड्याळ दुरुस्तीला टाकायचं निमित्त काढून निघाला. समोरच्या फुटपाथवरूनच, चष्मा न लावता, त्याला सगळं वाचता आलं. वर लेकीचं नाव, त्याला लागून त्याचं स्वतःचं अख्खं नाव, खाली कामाचा मजकूर. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं रंगवली, स्वतःचं नाव पाटीवर तो पहिल्यांदाच पाहत होता. तरीही रस्ता ओलांडून तो अगदी जवळ गेला आणि आपल्या नावात एखादा वाकडा कोपरा मिळतो का ते शोधू लागला. एकही मिळाला नाही.

धाकटा आत ब्रश पुसत बसला होता. त्याला वाटलं, दादाला काहीतरी खटकतंय.

“तुझं नाव तीनदा पुसून पुन्हा काढलं, दादा,” तो म्हणाला. “मनासारखं येईना.”

थोरल्याने घड्याळ टेबलावर ठेवलं. जळजळ कमी होण्याऐवजी वाढलीच. एवढ्या वर्षांत धाकट्याचं नाव त्याने एकदाही रंगवलं नव्हतं.