मोठ्या पात्यावरचा गवा

माझी वैनी म्हणते, करवतीवर वाघ काढला की त्याचे दात वेगळे काढावे लागत नाहीत. असं म्हणते, पण वाघ मात्र काढत नाही. डिचोलीला माझ्या माहेरच्या व्हरांड्यात आज जुन्या करवतींची ओळ लागली आहे. त्यांच्यावर पाणमांजरं आहेत, धनेश आहे, शेकरू आहे, रस्ता ओलांडणारं साळिंदर आहे, वाघ एकही नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "हांवें वाग पळोवंक ना. ना पळयलेलो कसो काडूं?" मला तिचा हा स्वभाव फार आवडतो. आमच्या घरात न पाहिलेल्या गोष्टींवर तासभर बोलणारी माणसं पुष्कळ, आणि त्यांत माझा नंबर पहिला.

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, पेडण्याची. तिचे वडील जत्रेतल्या नाटकांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, रस्ता आणि जंगल. जंगलाच्या पडद्यात झाडं, वेली, धबधबा सगळं असायचं, पण जनावर नसायचं. पडद्यापुढे राजा उभा राहणार. त्याच्या डोक्यामागून हरीण डोकावलं तर लोक राजाकडे कशाला बघतील? वैनी लहानपणभर त्या रिकाम्या जंगलापुढे बसून वडिलांना रंग कालवून देत होती. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली पडद्याच्या कॅनव्हासचे उरलेले तुकडे होते. दुपारची भांडी आवरली की ती मागच्या पडवीत बसायची आणि त्या तुकड्यांवर जनावरं काढायची. भाऊ सकाळच्या बसने पणजीला ऑफिसात गेलेला असायचा. माझं सासर आणि मी शिकवते ती शाळा साखळीला, म्हणजे बसने थोडक्याच अंतरावर. शाळा सुटली की मी चहाच्या निमित्ताने तिच्याजवळ जाऊन बसायची.

कॅनव्हासचे तुकडे संपले तेव्हा तिचं लक्ष शेडकडे गेलं. आमच्या बाबांची लाकडं कापायची गिरणी होती, सगळे तिला सॉ मिल म्हणायचे. वय झालं तशी बाबांनी ती बंद केली, यंत्रं विकली. पण करवती आणि पाती काही त्यांना विकवली नाहीत. ती सगळी घरामागच्या शेडमध्ये गंजत पडली होती. दोघांनी मिळून ओढायची एक लांब करवत वैनीने बाहेर काढली, केरोसीनने पुसली, काचपेपरने घासली, तांबडा प्रायमर लावला आणि त्यावर नदीकाठाने एकामागून एक चाललेली पाणमांजरं काढली. करवतीचे दात खाली ठेवले होते. ते पाण्यावरच्या लाटा झाले. मी आ वासून बघत राहिले. पुढे हातकरवत मिळाली, मुठीकडे रुंद आणि टोकाला निमुळती. तिच्यावर धनेश असा बसवला की चोच नेमकी टोकाकडे जावी. ती आधी पातं समोर ठेवून नुसतं बघत राहते. त्यात कुठलं जनावर मावेल ते तिला म्हणे पातंच सांगतं. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी हसले असते.

बाबा येता-जाता बघायचे. एकदा म्हणाले, "पातें कापपाक आसता, पळोवपाक न्हय." पण करवती द्यायला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. शेडचा दरवाजा उघडायचे, हवी ती काढून द्यायचे, आणि पुन्हा आपल्या खुर्चीत जाऊन बसायचे. चित्र पुरं झालं की त्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. बरं नाही, वाईट नाही. वैनी कधी बोलून दाखवायची नाही. पण बाबा पडवीतून गेले की तिचा कुंचला थांबायचा, आणि ते आत गेल्यावर पुन्हा चालू व्हायचा. मला दिसायचं ते. गावभर लोक वाहवा करत होते, त्याचं तिला काही नव्हतं. तिला बाबांच्या तोंडून एक "बरें" हवं होतं.

मग गवा आला. म्हणजे खरोखरचा. साखळीच्या पुढे आम्ही दोघी स्कूटरवरून एका ओळखीच्या बाईकडे चाललो होतो. सकाळची वेळ. वळणावर रस्त्यात तो उभा. काळाभोर, डोंगराएवढा, चारही पाय गुडघ्याखाली पांढरे, मोजे घातल्यासारखे. मी मागे बसून ठाऊक असलेल्या सगळ्या देवांची नावं घेत होते. वैनीने स्कूटर बंद केली आणि शांतपणे त्याच्या कपाळाकडे बघत राहिली. शिंगांच्या मधे त्याचं कपाळ फिकट असतं, जुन्या हस्तिदंतासारखं. तो गेला तेव्हा मी तिच्यावर ओरडले, "फोटो तरी काडपाचो!" ती म्हणाली, "फोटो काडपाक गेल्यार पळोवप रावता." घरी येऊन तिने पोदेराने पाव बांधून दिलेल्या कागदावर तो गवा पेन्सिलीने उतरवला, आणि मग कागद घेऊन सरळ शेडमध्ये गेली.

तो मावणार होता एकाच पात्यात. शेडच्या मागच्या भिंतीला टेकून ठेवलेलं गिरणीचं मोठं गोल पातं. बाबा सगळं देतील, ते देणार नाहीत, हे मला माहीत होतं. त्या पात्याने बाबांच्या उजव्या हाताची अनामिका अर्धी नेली आहे. बोट गेलं त्या वर्षीही खंडेनवमीला त्यांनी बांधलेल्या हाताने त्याच पात्याची पूजा केली, आणि गिरणी बंद झाल्यावरही ती पूजा कधी चुकली नाही. कानस, हातोडा, पाने यांच्या मधोमध ते मोठं पातं उभं करायचं, हार घालायचा, कुंकू लावायचं. आमच्या घरची नवमी ती.

वैनीने मागितलं तेव्हा बाबा म्हणाले, "त्या पात्यान म्हजें बोट घेतलां. तें म्हजें."

वैनी गप्प बसली. मी कशाला गप्प बसते! नाकावर राग माझ्या. मी बाबांना म्हटलं, शेडमध्ये गंज खाण्यापेक्षा चार लोकांनी बघितलं तर काय बिघडलं? पालथ्या घड्यावर पाणी. बाबांनी ऐकून घेतलं आणि पावसाचं काहीतरी बोलले. पावसाळाभर ते दोघं एका घरात एकमेकांशी इतकं अदबीने वागत होते की मला गुदमरायला व्हायचं. ती चहा नेऊन द्यायची, ते "बरें बाय" म्हणायचे, आणि कपबशीपलीकडे दोघांच्या मधे ते पातं.

चतुर्थी झाल्यावर एका सकाळी मी गेले तर पातं पडवीत, वैनीच्या बसायच्या जागेसमोर उभं. गंज घासून काढलेला. बाबांनी स्वतः घासला होता, दात न् दात. खुर्चीतून न उठताच ते एवढंच म्हणाले, "नवमीक तें ताच्या जाग्यार आसूंक जाय."

"आसतलें, बाबा," वैनी म्हणाली. मग आत जाऊन स्वयंपाकघरात ती रडली. मीही रडले, आणि वर तिलाच म्हटलं, रडतेस काय, कामाला लाग.

तिने गवा काढला तो मी कसा सांगू? पात्याच्या मधलं भोक तिने त्याच्या खांद्याच्या सावलीत जिरवलं. कडेचे दात रानाच्या अंधारात तसेच उघडे ठेवले. पाठीच्या काळ्यात निळा होता, तांबडा होता, जवळ गेलं की कसलाच काळा नव्हता. मी शाळेत मुलांना गणित शिकवते, मला चित्रातलं कळत नाही. पण त्या गव्यासमोर माझा आवाज आपोआप खाली यायचा. त्याच सुमाराला पणजीच्या एका प्रदर्शनात तिची चित्रं लावायचं ठरलं. दसऱ्यानंतर टेंपो न्यायला येणार होता आणि मोठं पातं मधे लागणार होतं. तिच्या हाताला थोडी घाई झाली. शेवटी राहिलं ते कपाळ. तिने पांढरा आणि पिवळसर रंग सुरीने जाड चढवला. तेलाचा रंग लवकर सुकत नाही, लोखंडावर तर नाहीच, आणि आमच्याकडची हवा तुम्हाला माहीत आहे, दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओले. नवमी आली तेव्हा बाकीचा गवा बोटाला लागत नव्हता. कपाळ मात्र लोण्यासारखं.

दिलेला शब्द वैनीने पाळला. नवमीच्या सकाळी तिने पातं शेडमध्ये नेऊन जागेवर उभं केलं, पण गवा भिंतीकडे आणि कोरं लोखंड पुढे. दात भिंतीला टेकतील, रंग टेकणार नाही अशा बेताने. तिचा विचार सरळ होता. बाबांना त्यांचं पातं हवं आहे, माझं चित्र नव्हे. त्यांना त्यांचं लोखंड मिळू दे, माझा रंगही वाचेल. मलाही ते शहाणपणाचं वाटलं. मग आम्ही दोघी नैवेद्याच्या मागे लागलो.

नैवेद्याचं ताट घेऊन शेडमध्ये गेलो तर गवा आमच्याकडे बघत होता. गळ्यात झेंडूची माळ, समोर उदबत्ती, आणि कपाळाच्या बरोब्बर मधे लालभडक कुंकू. लोखंडावर कुंकू टिकत नाही म्हणून बाबा जन्मभर ते दाबून लावत आले. तसंच दाबलं होतं. रंगात बोट रुतलं होतं. कुंकू लावतात ते अनामिकेने, आणि बाबांची अनामिका अर्धी. तेव्हा खूण बोटाच्या टोकाची नव्हती. आखूड, बोथट, गोल असा एक खड्डा, त्यात कुंकू, आणि भोवती वर आलेला पांढरा रंग.

"बाबा! हें कितें केलें तुमी!" मी ओरडले. "ती पाठ फुडें करून गेल्ली न्हय? परतलें कित्याक?"

बाबा गोंधळले. पांढरं आणि लाल माखलेलं बोट त्यांनी हवेतच धरलं होतं. माझ्याकडे न बघता वैनीला म्हणाले, "देवाची पाठ कोण पुजता गे बाय?"

मी पुढचं बोलणार तोच माझ्या लक्षात आलं. एवढी चित्रं झाली, तेव्हा हा माणूस "बरें" म्हणाला नव्हता. आज त्याने आपल्या हाताने पातं फिरवून गव्याला माळ घातली होती, आणि तेच आम्ही दोघी तोंडात मारल्यासारख्या बघत उभ्या होतो.

"पुसूंक येता मगो?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

येत होतं. सुरीने खरवडून नवा रंग चढवायला तिला काही वेळ लागला नसता. वैनी पडवीत गेली, टर्पेंटाइनची बाटली आणि चिंधी घेऊन आली. मला वाटलं आता गव्याचं कपाळ पुसणार. तिने बाबांचा हात हातात घेतला आणि ते अर्धं बोट पुसलं, हळूहळू, नखच नसलेल्या टोकापर्यंत. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, नमस्काराला पायांना हात लावला असेल, पण त्यांचा हात तिने त्या दिवशी प्रथम धरला. मग चिंधीची घडी घालून ती म्हणाली, "जेवपाक चलात, बाबा. निवता."

गवा तसाच पणजीला गेला. टेंपोत पाठीवर निजवून, कपाळाला काही लागणार नाही अशा बेताने. बाबा येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं, पण इस्त्रीचा शर्ट घालून ते भावाबरोबर बसने आले. हॉलमध्ये लोक गव्यापुढे उभे होते. एकजण दुसऱ्याला समजावत होता की कपाळावरचा तो लाल म्हणजे शिकारीची गोळी. मी त्याला उत्तर द्यायला निघाले होते, तेवढ्यात बाबा गर्दीतून सरळ पुढे गेले आणि त्यांनी उजवा हात उचलला. हात लावू नये अशी पाटी तिथेच होती.

"आजो! हात लावूं नाका!" तिथला राखणदार धावत आला.

"लावूं दियात तांकां," वैनी मागून म्हणाली.

बाबांनी अर्धं बोट त्या खड्ड्यात टेकवलं. ते तिथे नेमकं बसलं. बाजूचा समजावणारा माणूस आधी बोटाकडे आणि मग गव्याकडे बघत राहिला.

"सुकलो काय ना तें पळयतां," बाबा म्हणाले.

"सुकलो?" वैनीने विचारलं.

"ना गे बाय. ओलोच आसा." आणि त्यांनी लाल झालेलं बोट तिच्यापुढे धरलं. जवळ चिंधी नव्हती. वैनीने प्रदर्शनासाठी नेसलेल्या नव्या साडीचा पदर पुढे घेतला आणि त्याने ते पुसलं.