गोळ्यांचे उपास

माझा उपासतापासांवर विश्वास नाही. घरात साबुदाणा भिजला की मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोटभर जेवून येतो. तरीही आईच्या उपासांना आमच्या घरात माझ्याइतका भक्कम पाठिंबा कुणाचाच नव्हता. त्याचं कारण मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. बायकोला ते कळलं असावं. पण तिनं विचारलं नाही, आणि न विचारलेल्याचं उत्तर द्यायची मला सवय नाही.

वडील गेल्यावर आई मोडनिंबहून आमच्याकडे सोलापूरला आली. येताना तिच्या पिशवीत दोन लुगडी, देव आणि डॉक्टरांची चिठ्ठी होती. बीपीची गोळी, रक्त पातळ करायची, कोलेस्टेरॉलची; सगळ्या रोजच्या आणि कायमच्या. दर महिन्याला तीच चिठ्ठी घेऊन मी मेडिकलमध्ये उभा राहायचो आणि घरी येऊन बिल मोठ्यानं वाचायचो. कुणाला उद्देशून नाही. नुसतं वाचायचं, आणि बेरजेशी आल्यावर जरा थांबायचं. आई लसूण सोलत ऐकायची.

एका सोमवारी तिच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या दिसला, गोळ्या दिसल्या नाहीत.

"गोळ्या घेतल्यास का?"

"आज सोमवार हाय की. उपास हाय."

"उपासाला गोळी चालते, आई."

"तू कवा केलास रं उपास? उपाशीपोटी लई जळजळतं. उद्या घेते की."

सोमवारच्या मागून गुरुवार आला, मग शनिवार. मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. बेअरिंगचा खोका चार दिवस आधी संपला तरी मला कळतं. महिन्याच्या गोळ्या दीड महिन्याच्या वर पुरतायत हे कळलं नाही असं मी म्हणालो, तर मला कामावरून काढायला हवं. कळलं होतं. पहिल्याच फेऱ्यात कळलं होतं.

तरी मी तिला पुन्हा टोकलं नाही. उलट शनिवारी घरी येताना राजगिऱ्याचे लाडू आणू लागलो. बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरांच्या कानावर घालायला पाहिजे."

"कुणाच्या श्रद्धेच्या आड आपण कशाला यायचं?" मी म्हणालो. हे वाक्य आपल्या तोंडून निघालंय, याचं मलाच नवल वाटलं.

बिल वाचणंही मी सोडलं. आईनं एकदा विचारलं, "औषधं स्वस्त झाली व्हय रं?"

"झाली थोडी."

"बरं झालं की," ती म्हणाली आणि समाधानानं हसली. ती उपास नेमके कुणासाठी करत होती, हे मी त्या हसण्यावरून ओळखायला हवं होतं. ओळखलंही. बोललो नाही.

पुढच्या तपासणीत बीपी चढलेलं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी रोज चालू आहे ना?" आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो, रोज." त्यांनी डोस दुप्पट केला. नवी गोळी महाग होती, पण आठवड्याचे तीन दिवस वजा जाता परवडणारी होती. हे गणित मी तिथंच, डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या केलं.

मे महिन्याच्या सुट्टीत माझी धाकटी बहीण आईला बार्शीला घेऊन गेली. बहीण शाळेत शिकवते. तिनं वारांची सात कप्प्यांची डबी आणली, उपासांना परवानगी दिली, पण गोळ्यांना सुट्टी दिली नाही. पोटात चार घास भगर गेली की गोळी हातावर. नवव्या दिवशी आई न्हाणीतून उठताना भोवळ येऊन पडली. मनगट मोडलं. तिथल्या डॉक्टरांनी उतरलेलं बीपी पाहून बहिणीला विचारलं, "गोळ्या डबल पडल्या का?"

कप्पे तिनंच भरले होते. फोनवर ती रडायला लागली. "दादा, माझ्याच हातून झालं रे."

"असू दे," मी म्हणालो. "होतं असं." एवढं मोठं मन मी त्याआधी कधी दाखवलं नव्हतं.

आई प्लास्टर घालून परत आमच्याकडे आली. बहीण रविवारी भेटायला यायची, आईची वेणी घालायची, भरवायची. पण गोळीची वेळ झाली की उठून स्वयंपाकघरात जायची. "वहिनी, तुम्हीच द्या," म्हणायची. आई म्हणे, "तू दे की गं, तुझ्या हाताला काय झालंय?" तर ती हात पदराला पुसत राहायची.

असे चार-पाच रविवार मी पाहिले. मग एका सकाळी बार्शीची एसटी धरली. बहीण ओट्याशी चहा ठेवत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, कारण बसलो असतो तर सांगितलं नसतं.

तिनं गॅस बंद केला. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू समोर होतास?"

"होतो."

"आणि मी फोनवर रडत होते, तेव्हा ठाऊक होतं तुला?"

"होतं."

चहा तसाच पातेल्यात राहिला. मग ती म्हणाली, "आईला माझ्याकडं आणून सोड. डॉक्टरांना खरं काय ते सांगून गोळ्या मी देईन."

"औषधांचे पैसे मी पाठवीन."

"ते पाठवशीलच, दादा. फक्त सोमवार-गुरुवार धरून पाठव."

त्याच आठवड्यात आईला बार्शीला पोचवलं. तेव्हापासून महिन्याच्या एक तारखेला पैसे पाठवतो. महिना एकतीसचा असला की एक दिवस जास्त धर, एवढं सांगायला बहिणीचा फोन येतो. एरवी येत नाही.