पाठ असलेला एकच नंबर

त्या दिवशी सकाळी माझा फोन सुरू होत नव्हता. आदल्या संध्याकाळी तो नळाखालच्या बादलीत पडला होता, आणि मी आरडाओरडा करेपर्यंत सूनबाईने तो पुसून तिच्या माहेरहून आलेल्या धानाच्या पोत्यात खुपसूनही टाकला होता. सकाळी काढला, बटण दाबून दाबून अंगठा दुखला, पण पडदा काळा तो काळाच. अशा वेळी काय करायचं हे मला एकाच माणसाने शिकवलं होतं. म्हणून शेजाऱ्यांचा फोन मागून आणला आणि मला पाठ असलेला एकुलता एक नंबर लावला... सौंदडच्या वत्सलाताईचा. बोलणी खायची तयारी ठेवूनच लावला. उचलला तिच्या भावजयीने, सुजाताने. "भाऊ, कवापासून तुमाले लावून राहिलो आमी. तुमचा फोन बंदच येते," ती म्हणाली. "ताई गेली भाऊ. झोपेतच गेली."

बंद फोनवर काय करू, हे विचारायला मी फोन केला होता आणि ज्या बाईला विचारायचं तीच नव्हती. त्या दिवशी सौंदडला गेलो, सगळं आटोपून परत आलो, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की ताईचा आवाज आता फक्त त्या बंद फोनमध्ये आहे. तिला टाइप करायचा कंटाळा, त्यामुळे ती सगळं बोलूनच पाठवायची. तूरडाळ महागली इथपासून ते कुणाची सून पळून गेली इथपर्यंत. मुलगा म्हणाला, "बाबा, नवीन घ्या, त्यातलं गेलं तर गेलं." मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही. एक साधा बटणांचा फोन घेतला, सिम त्यात घातलं आणि तो मेलेला फोन रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला. गोंदियात दुरुस्तीची दुकानं गल्लोगल्ली आहेत, पण मला धीर होत नव्हता. कुणीतरी उघडून "काका, ये तो गया" म्हटलं असतं तर ताई माझ्यापुरती दुसऱ्यांदा गेली असती.

सौंदडच्या स्टेशन रस्त्यावर आमची दुकानं भिंतीला भिंत लागून होती. माझा फोटो स्टुडिओ, आणि १९९९ साली त्याच्या शेजारी आला तिचा एसटीडीचा बूथ. लहानपणी पोलिओने तिचा एक पाय गेला होता. गुडघ्यावर हात दाबून चालायची, पण बूथच्या खुर्चीत बसली की कलेक्टर. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "सारं गाव माह्या कानात बोलते, अजून एक मानूस कायले पायजे?" तो बूथ म्हणजे नुसता फोन नव्हता. नागपूरला, रायपूरला, कुठे कुठे कामाला गेलेल्यांचे फोन तिच्याकडे यायचे आणि ती रस्त्यावरच्या कुणालाही हाक मारून निरोप धाडायची. फोन लावायला आलेला माणूस रिसीव्हर हातात आला की बावचळायचा, मीटर पळायचं, तोंडातून शब्द फुटायचा नाही. मग ताई आतून ओरडायची, "आधी पोचलो म्हन! बाकीचं मंग!" हा तिचा कायदा होता. पलीकडे कुणीतरी काळजीत बसलेलं आहे, त्याचा जीव आधी भांड्यात पडला पाहिजे, मग हालहवाल. पुढे तिचं सगळं काम या एका कायद्यावर चाललं.

मोबाइल आला आणि आम्हा दोघांच्याही पोटावर आला. बूथ ओस पडला, आणि फोनमध्येच कॅमेरा आल्यावर माझ्याकडे पासपोर्ट फोटोपुरतं गिऱ्हाईक उरलं. मी दुकानात बसून मोबाइलला शिव्या घालायचो. ताईने शिव्या घातल्या नाहीत, तिने त्यालाच कामाला लावलं. गोंदियाला एका कारागिराकडे शिकायला जाऊ लागली. तो म्हणाला, "दीदी, ये औरतों का काम नहीं है." ही म्हणाली, "बूथ लिया तब भी सब यही बोले थे. आप टाँका लगाना सिखाओ." गाडीने जायची, गाडीने यायची, येताना सोल्डरिंगने बोटं भाजलेली असायची आणि चेहरा असा की जणू निवडून आली. वर्षभरात बूथचं केबिन निघालं, तिथे टेबल, दिवा आणि भिंगाचा चष्मा आला. मला म्हणाली, "भाऊ, फोनवाल्याइनं फोनात क्यामेरा घातला. तू तुह्या क्यामेऱ्यात फोन घातला असता त आज मी तुह्याकडे नोकरीले असती." राग आला होता, पण हसूही आलं. तिच्यावर पूर्ण रागावणं मला आयुष्यात जमलं नाही.

नम्रपणा नावाचा प्रकार तिच्यात औषधालाही नव्हता. फोन सुरू झाला की तो हातात धरून आजूबाजूच्या दुकानांना दाखवायची. "पाहा! गोंदियावाल्यानं मेला म्हटला होता!" वेळेवर काम देणं मात्र तिला ठाऊक नव्हतं, आणि फोन खरोखर गेला हे ती कधीच कबूल करायची नाही. असे गेलेले फोन एका टोपलीत ठेवायची. मालक विसरून जायचे, ही विसरायची नाही. सणावाराला टोपली काढून एकेकाला पुन्हा चार्जर लावून बघायची. "भाऊ, एखादा उठते कधी कधी," म्हणायची. माझ्या डोळ्यांदेखत एक खरंच उठला होता, आणि तिने अख्ख्या रस्त्याला पेढे वाटले.

पण मला सगळ्यात जास्त कौतुक वाटायचं ते तिच्या कामाच्या रीतीचं. माणूस धावत यायचा, "ताई, सुरूच नाही होऊन राहिला!" ताई त्याच्या फोनला हातही लावायची नाही. आधी स्वतःचा फोन त्याच्यापुढे सरकवायची. "घरी सांग, फोन बंद हाय म्हनून. कोनी लावून लावून परेशान असन तिकडे." आणि तिथेच गंमत व्हायची. नंबर कुणालाच ठाऊक नसायचा! बायकोचा नाही, आईचा नाही. सगळे नंबर त्या मेलेल्या फोनच्या पोटात. मग ताईच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. "बायको पाठ नाही अन् सिनेमे पाठ हायेत!" फोन सुरू झाला तरी ती लगेच हातात द्यायची नाही. घरचा एक नंबर पाढ्यासारखा म्हणून दाखवा, मग घेऊन जा. मोठमोठे व्यापारी तिच्या टेबलाशी उभे राहून नंबर घोकताना मी पाहिले आहेत.

त्यानंतर फोनची पाळी. आधी आपला चार्जर लावून थोडा वेळ गप्प बसायचं, कारण पुष्कळदा नुसता चार्जरच गेलेला असतो. मग चार्जिंगच्या भोकात भिंगातून पाहायचं आणि सुईने हलकेच खरवडायचं. मग बटण दाबून धरायचं, तेही लोक सोडतात त्याच्या पुष्कळ पुढे. मग दुसऱ्या फोनवरून त्याला रिंग द्यायची आणि कान लावायचा. वाजला तर ती खूश व्हायची. "मेला नाही, आंधरा झाला फक्त. डिस्प्ले टाकू." इतकं झाल्यावरच ती स्क्रू काढायची.

आमच्या भागात एक रोग मात्र कायमचा. फोन भिजला की तांदळात ठेवावा, हे कुणीतरी कुठूनतरी ऐकलं, आणि आमच्याकडे तांदळाच्या आधी हाताशी येतं ते सालासकटचं धान. लोक बेधडक फोन धान साठवायच्या ढोलीत पुरायचे. सुकायचा राहिला बाजूला, भोकात कोंडा आणि धानाची कुसळं बसायची गच्च. ताई म्हणायची, "फोन हाय का धानाचे पऱ्हे, पेरून राहिले त?"

नागझिऱ्याच्या जंगलातला एक गाइड असाच आला होता. तळ्याकाठी फोन पाण्यात पडला, घरमालकाच्या ढोलीत तो दोन रात्री झोपवला आणि मग हा आला. बायको बाळंतपणाला माहेरी, दिवस भरलेले, आणि सासरचा एकही नंबर याला आठवेना. पोरगा रडायच्या बेतात. ताईने विचारलं, "सासर कोनतं?" तो म्हणाला, कामठा. ताई डोळे मिटून बसली. बूथच्या काळात कामठ्याच्या एका किराणावाल्याकडे तिने कितीदा फोन लावला असेल देव जाणे... माफ करा, ताई देव मानत नव्हती, भिंतीवरच्या बाबासाहेबांना मानायची. तिने बोटांनी हवेत आकडे दाबले, मग खरोखर दाबले. किराणावाल्याने शेजारून सासूला बोलावलं. ताईने रिसीव्हर दिल्यासारखा फोन त्याच्या कानाला लावला आणि म्हणाली, "आधी पोचलो म्हन." तो बिचारा खरंच म्हणाला, "पोचलो," आणि तिकडून सासू म्हणाली, पोरगी झाली, दोघी बऱ्या आहेत. तो टेबलावर डोकं ठेवून रडला. ताई त्याच्याकडे न बघता सुईने कोंडा काढत बसली होती, पण भिंगाआड तिचे डोळे भरले होते हे मी पाहिलं.

पुढे मी स्टुडिओ बंद केला आणि गोंदियाला मुलाकडे राहायला निघालो. निरोप घ्यायला गेलो तर बाई गळ्यात पडायची सोडून परीक्षा घेऊ लागली. "कोनाचा नंबर पाठ हाय?" मी म्हटलं, कुणाचाच नाही. "मंग माहा कर," ती म्हणाली. "मी कुठं जाऊन राहिली?" स्टेशनवर गाडी येईपर्यंत मी तो घोकला होता...

तीन आठवड्यांनी मन घट्ट करून रुमालातला फोन घेतला आणि सौंदडला गेलो. दुकान उघडं होतं. लोकांचे फोन परत द्यायला सुजाता बसत होती. टेबलावर ताईचा फोन चार्जिंगला लावलेला. "गिऱ्हाइकं लावतेत अजून," सुजाता म्हणाली. "बंद आला त घाबरतीन." मी माझा फोन पुढे ठेवला. दोघांपैकी कुणालाच ते काम येत नव्हतं, पण दोघांनीही ते हजारदा पाहिलं होतं. ताईचा चार्जर लावला, काही नाही. मी भिंग चढवलं, सुजाताने सुई दिली. भोकातून कोंडाच कोंडा निघाला, त्यात एक अख्खं कुसळ. मला ताईच्या शिव्या ऐकू येत होत्या. पुन्हा चार्जर लावला, थोडा वेळ गप्प बसलो, मग बटण दाबून धरलं. सोडावंसं वाटलं, त्याच्या पुढेही धरून ठेवलं... आणि फोन हातात थरथरला.

सुजाताने तिच्या फोनवरून नेट दिलं. निरोप धडाधड येऊन पडले, सगळ्यांत वर मुलाचे, नातेवाइकांचे. खाली, फोन बादलीत पडला त्या संध्याकाळचा, ताईने बोलून पाठवलेला एक. मी सुजाताकडे पाहिलं, तिने होकारार्थी मान हलवली आणि मी तो लावला.

"भाऊ, फोन बंद येऊन राहिला तुहा. काऊन? पान्यात पाडला असशीन. धानात नोको घालू म्हन सूनबाईले. काम काही नव्हतं, सहज लावला होता... चालू झाला का आधी मले सांगजो. मी वाट पाहून राहिली."

इतकी वर्षं ती सगळ्यांना सांगत आली की तिकडे कुणीतरी वाट पाहत असेल. त्या संध्याकाळी ती स्वतःच होती.

मी सिम परत या फोनमध्ये घातलं. तिचं नाव शोधलं नाही, पाठ असलेला नंबर एकेक आकडा दाबून लावला. टेबलावरचा तिचा फोन वाजू लागला. सवयीने सुजाताचा हात पुढे गेला.

"उचलू नको," मी म्हटलं. "वाजू दे थोडा."

माझ्या कानात एक रिंग, समोर एक. मी "पोचलो" म्हणालो. मोठ्याने म्हणालो की मनात, ते सुजातालाच ठाऊक. रिंग आपोआप थांबली, तेव्हा सुजाताने ताईच्या फोनमधून थरथरीने निसटलेली चार्जरची पिन पुन्हा नीट बसवली.