नावापुढचे दोन शब्द

माझा नवरा झेफिरिन इंग्रजांच्या ताब्यातल्या बेटावरचा, पोर्ट ऑफ स्पेन शहरातला शिंपी. गोऱ्यांचे कोट शिवून त्याची बोटं झिजली, तरी सरकारी कागदावर त्याच्या नावापुढे ‘मिश्र रक्त’ लिहिलेलं असायचंच. गोऱ्यांना ‘श्रीयुत’ आणि आम्हाला हा डाग! तो पुसावा म्हणून त्याने लंडनच्या राजाला अर्ज लिहिला आणि दारोदार फिरून दोनशे सह्या जमवल्या.

आम्ही तो द्यायला गेलो, तर गव्हर्नरच्या कचेरीतला कारकून म्हणाला, “नावांपुढे ‘मिश्र रक्त’ कुठंय? असा अर्ज चालत नाही.”

“अहो, तेच तर काढा म्हणतोय!” मी ओरडले.

“राजाने काढलं की काढा, बाई. आज लिहा, नाहीतर घरी न्या.”

मी कागद ओढणार, तेवढ्यात झेफिरिनने माझा हात धरला. “राहू दे गं, ऑर्तांस. लंडनला जाणारं आजचं जहाज चुकेल.”

तिथेच वाकून त्याने दोनशे नावांपुढे ते शब्द लिहिले, अगदी सुवाच्य अक्षरात.

सहा वर्षांनी मी त्याच कचेरीत त्याच्या मृत्यूची नोंद करायला गेले. “निदान आता तरी ते दोन शब्द लिहू नका,” मी म्हणाले.

कारकुनाने खणातून तोच अर्ज काढून माझ्यापुढे टाकला. “का बरं? त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय की.”