दोन्ही स्टेशनांच्या पाट्या

वॅरिंगा गावात कोणाचं दुकान बंद होणार, कोणत्या भागीदारांचं फाटलं, हे सगळ्यांच्या आधी एका माणसाला कळायचं, आणि त्याच्याकडून ते कोणालाच कळायचं नाही. लेस्टर ट्रेवेना पाट्या रंगवायचा. खाटीक हॉबडेने ‘हॉबडे आणि मुलगे’ या पाटीतले मुलगे काढून टाकायला सांगितले, तेव्हा लेस्टरने शिडी लावून ते काढले, आणि त्यातलाच एक मुलगा खाली उभा राहून “काय रंगवतोयस?” म्हणाला, तर त्याच्याशी तो क्रिकेटबद्दल बोलला. नोलाच्या सख्ख्या भावाने गॅरेज विकायला काढलं, तेव्हा ‘विकणे आहे’ची पाटी लेस्टरच्याच शेडमध्ये वाळत होती. नोला म्हणजे लेस्टरची बायको. तिला ही बातमी बेकरीच्या रांगेत समजली. मग कितीतरी दिवस ती त्याच्याशी चहा आणि मीठ यांपलीकडे बोलली नाही.

“माझा भाऊ होता तो,” शेवटी ती म्हणाली.

“पाटी त्याची होती,” लेस्टर म्हणाला.

असा हा माणूस. उंच, थोडा वाकलेला, नखांत कायम कुठला तरी रंग. गावाने त्याला कधी शहाणा म्हटलं नाही, पण त्याच्या शेडमध्ये शिरलेली गोष्ट बाहेर पडत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. त्याचा धंदा त्यावरच चालला होता.

गावाला इतकी वर्षं एकच टीव्ही स्टेशन होतं. मेंढ्या चोरीला गेल्या तरी बातमी, केकच्या स्पर्धेत कोणी जिंकलं तरी बातमी. स्टेशनचा मॅनेजर डेस हॅलम लेस्टरचा जुना मित्र. शनिवारी दोघं बोलिंग क्लबच्या हिरवळीवर जोडीने चेंडू घरंगळवायचा खेळ खेळायचे. मग सरकारने ठरवलं की नदीकाठच्या मुलखातही शहरासारखी तीन स्टेशनं दिसली पाहिजेत. प्रत्येकाने सिडनीतल्या एकेका मोठ्या वाहिनीचा हात धरला. डेसच्या स्टेशनचं जुनं नाव जाऊन ‘मेरिडियन’ येणार होतं. दुसरं स्टेशन ‘ऑर्बिट’, त्याने रुळांजवळचं लोकरीचं जुनं गोदाम घेतलं. तिसऱ्याला अजून जागाच मिळाली नव्हती.

नाताळनंतरच्या, ऐन उन्हाळ्यातल्या एका रविवारी, संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी, दोन्ही स्टेशनं आपलं नवं नाव, नवे रंग आणि घोषवाक्याची नवी ओळ दाखवणार होती. तोवर सगळं गुप्त. आणि दोघांच्याही पाट्या लेस्टरकडे, कारण आसपास हाताने रंगवणारा दुसरा कोणी उरला नव्हता. दोघांनीही त्याच्याकडून वचन घेतलं. त्याला त्यात काही अवघड वाटलं नाही.

डेसचं काम आधी झालं. स्टेशनच्या छतावर मोठा फलक, निळा, त्यावर पिवळा सूर्य, आणि खाली ओळ: ‘आम्ही इथलेच’. फलकावर ताडपत्री टाकली. आता डेसच्या स्टेशनच्या गाड्या रंगवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. कार्यक्रम सिडनीचे, नाव सिडनीचं, मग इथलं काय, असं लेस्टरच्या मनात आलं होतं. पण रंगवायचं ते खरं की खोटं हे तपासणं त्याचं काम नव्हतं.

त्या रविवारच्या आधीच्या बुधवारी तो गोदामात गेला. ऑर्बिटचा मॅनेजर ग्रँट व्हाइटली तिशीतला, सिडनीहून आलेला. शहरातलं घर मोडून बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन तो इथे राहायला आला होता. त्याने सिडनीहून आलेली कागदाची गुंडाळी लेस्टरच्या हातात दिली. लेस्टर ती जमिनीवर थोडी थोडी उलगडत सुईने अक्षरांच्या कडा टोचायला लागला. नंतर त्या भोकांतून कोळशाची पूड दाबली की भिंतीवर अक्षर ठिपक्यांनी उमटतं. पहिला शब्द टोचून झाला. दुसऱ्यावर हात थांबला.

आम्ही इथलेच.

रंग लाल होता, सूर्याच्या जागी घराचं छप्पर होतं. ओळ तीच.

“काय झालं?” व्हाइटलीने विचारलं. “कागद फाटला?”

“नाही.”

“ओळ आवडली ना? सिडनीला महिनाभर डोकं खाजवून काढलीय म्हणे.”

“अक्षरं चांगली आहेत,” लेस्टर म्हणाला, आणि उन्हामुळे रंग धरणार नाही असं काहीतरी सांगून घरी आला.

त्याने ताटातल्या मटणाला हात लावला नाही.

“इतकं काय साठवलंयस पोटात, की जेवण मावेना?” नोला म्हणाली.

“ऊन लागलं.”

“ऊन तर मलाही लागलंय. मी जेवतेय.”

तो शेडमध्ये जाऊन बसला. गप्प राहिलं तर रविवारी अख्खा मुलूख दोन्हीकडे तीच ओळ बघेल, हसेल, आणि दोन्ही मॅनेजर एकमेकांना चोर म्हणतील. मग दोघांनाही आठवेल की पाट्या रंगवणारा एकच होता. इतक्या वर्षांचं नाव एका संध्याकाळी जाईल. आणि एकाला सांगितलं तर दुसऱ्याला विकल्यासारखं. शेवटी त्याने ठरवलं की दोन्ही कामं सोडायची, कारण न देता. तोंडातून शब्द गेला नाही की वचन मोडलं नाही.

सकाळी तो आधी डेसकडे गेला. मित्राला नाही म्हणणं जास्त कठीण, तेव्हा ते आधी उरकावं, एवढाच त्याचा विचार.

“तुझ्या गाड्या मी रंगवत नाही,” तो दारातूनच म्हणाला. “दुसरं कोणी बघ.”

डेस हसला. “का? हात मोडला?”

“नाही.”

“भाव वाढवून हवाय? बोल की, लाजतोस काय.”

“तसं नाही. जमणार नाही.”

डेसने चष्मा काढला. “लेस, तू कोणाचंही काम सोडलेलं मी आजवर बघितलं नाही. तुला न पटणाऱ्या पक्षाच्या पाट्यासुद्धा रंगवल्यास.” मग तो हळूहळू बोलायला लागला, लेस्टरच्या तोंडाकडे बघत. “काल तू गोदामात होतास. आज माझं काम नको म्हणतोस. त्याचं?”

“त्याचंही सोडतोय.”

“दोन्ही.” डेस खुर्चीतून उठला. “म्हणजे दोन्हीकडे काहीतरी सारखं आहे. त्यांचीही ओळ तीच आहे.”

लेस्टरचे कान लाल झाले, आणि नजर जमिनीवर गेली. तीस वर्षं त्याच्याबरोबर खेळलेल्या माणसाला तेवढं पुरलं.

“डेस,” तो म्हणाला, “मी काही सांगितलेलं नाही.”

“कुठे काय सांगितलंस? जा, घरी जाऊन चहा पी.” डेसचा हात तेवढ्यात फोनवर गेला होता.

त्याच संध्याकाळी, रविवारची वाट न बघता, बातम्यांनंतर मेरिडियनचा निळा पडदा सरकला, सूर्य वर आला आणि ओळ झळकली. डेस स्वतः पडद्यावर येऊन म्हणाला की आम्ही इथलेच, आणि हे म्हणणारे आम्ही पहिले. नोला बघत होती. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि उठून टीव्ही बंद केला.

शुक्रवारी सकाळी लेस्टर गोदामात गेला. व्हाइटलीने दाढी केली नव्हती.

“तुम्ही सांगितलंत.” त्याने आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं. “मला गावात सगळे म्हणाले होते, लेस्टरला द्या काम, तो दगड आहे. सिडनीहून दोनदा फोन आला. रविवारी पडद्यावर काय दाखवू? आणि सोमवारी मला ठेवतील का, तेही सांगा.”

मी एक अक्षर बोललो नाही, हे वाक्य लेस्टर रस्ताभर मनात घोळवत आला होता. ते खरंही होतं. समोर उभं राहिल्यावर ते म्हणवेना.

“सांगितलं नाही,” तो म्हणाला. “पण त्याला कळलं ते माझ्यामुळे. मी दोन्ही कामं सोडायला निघालो, आणि आधी त्याच्याकडे गेलो. तुमच्याकडे आधी यायचं होतं, किंवा दोघांना एकत्र बसवायचं होतं. ते सुचलं नाही.”

“मग आता?”

“नवी ओळ मागवा. मी रंगवतो, गाड्यांसकट. पैसे नकोत.”

“दोन दिवसांत?”

“ओळ लवकर आली तर.”

व्हाइटलीने जमिनीवरची जुनी गुंडाळी उचलली. “आणि ही डेस हॅलमला कळली तर?”

लेस्टर म्हणाला, “दार आतून लावून घेतो.”

ओळ दुपारी फॅक्सवर आली. गोदाम पत्र्याखाली भट्टीसारखं तापलं होतं. रंग ब्रशवरच घट्ट व्हायचा, हाताला टेका द्यायची काठी घामाने निसटायची. व्हाइटली दर तासाला येऊन बघून जायचा. शनिवारी त्याने मात्र बेकरीतून खिम्याची गरम पेस्ट्री आणली, लेस्टरसमोर ठेवली आणि शिडी धरून उभा राहिला.

त्याच दुपारी दारावर थाप पडली. व्हाइटली पेट्रोल भरायला गेला होता. लेस्टरने दार जेमतेम उघडलं आणि बाहेर येऊन पाठीमागे ओढून घेतलं. बोलिंगच्या पांढऱ्या कपड्यांत डेस उभा होता.

“आज खेळायला नाही आलास. मला त्या बहिऱ्या नॉर्मनबरोबर जोडी लावली.”

“काम आहे.”

“रागावलास होय? अरे, धंदा आहे तो. तूही माझ्या जागी तेच केलं असतंस.”

“नसतं केलं.”

डेस एक पाऊल जवळ आला आणि नेहमीच्या लाडिक आवाजात म्हणाला, “बरं, ते राहू दे. काय घेतलंय त्यांनी आता? गावाबद्दलच काहीतरी असेल. नदी? घर?”

तो एकेक शब्द टाकत होता आणि लेस्टरच्या तोंडाकडे बघत होता. लेस्टरला आपला चेहरा तापायला लागलेला जाणवला. त्याने डेसकडे पाठ फिरवली आणि पत्र्याच्या दाराकडे तोंड करून उभा राहिला, नाक पत्र्याला जवळजवळ टेकलेलं.

“लेस, हे काय पोरकट?”

“जा डेस,” तो दाराला म्हणाला. “उद्या सगळ्यांबरोबर बघ.”

डेसची पावलं खडीवर वाजली, गाडी सुरू झाली आणि वळणापलीकडे गेली. आवाज पूर्ण बंद होईपर्यंत लेस्टर तसाच उभा राहिला. मग आत जाऊन त्याने दार लावलं आणि शेवटच्या गाडीचं डावं अंग रंगवायला घेतलं.